गोळी आधी, दारू नंतर

सकाळचे साडेनऊ वाजले होते, बंदुकीत गोळी होती आणि दारू नव्हती.

एवढं एक वाक्य आमच्या नेमबाजीच्या रेंजवर उच्चारलं की दाढ्या खाजवत, गालात हसत माणसं गोळा होतात. बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आजची बंदूक असते, जिच्या काडतुसात दारू, गोळी, ठिणगी सगळं संसार थाटून बसलेलं असतं. आमची ठासणीची बंदूक. तिला सगळं तोंडानेच भरवावं लागतं आणि तेही क्रमाने: आधी मोजून काळी दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग गजाने ठासणं, शेवटी मागे टोपी, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी चिमुकली वाटी. क्रम चुकला आणि गोळी आधी गेली, तर ती नळीच्या तळाशी घरजावयासारखी ठाण मांडून बसते. हलत नाही, कारण तिने हलू नये अशीच सगळी व्यवस्था आपण केलेली असते. ०.५० इंचाच्या नळीत ०.४९ इंचाची गोळी, आणि उरलेल्या फटीत चिंधी दाबून कोंबलेली.

दारूवरून आठवलं. या छंदातली भाषा अशी आहे की फोनवर मोकळेपणाने बोलायची सोय नाही. ‘आज माझी दारू जरा जास्तच झाली’, ‘ओली निघाली, मग शेजारच्याची घेतली’, ‘पुढच्या वेळी कमी करून बघतो, हात थरथरणार नाही’ ही माझी तीन वाक्यं सासऱ्यांनी एकदा पलीकडच्या खोलीतून ऐकली. बायकोने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

तर त्या सकाळी झालं असं. मी दारू ठेवायच्या शिंगातून मापात दारू घेतली. शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, हा इथला पहिला धडा. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर हातातलं अख्खं शिंग पेटतं. म्हणून शिंगातून मापात, शिंगाला बूच, आणि मापातून नळीत. माप भरलं, बूच लावलं, आणि तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, “चिंधी कुठली वापरता हो?”

आजोबा पांढऱ्या दाढीचे, चेहऱ्याने अगदी सात्त्विक. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली एक शिशाची गोळी होती, मधोमध भोक पडलेली, जरा चेपलेली. मला वाटलं, ताईत असेल.

चिंधी कुठली वापरता, हा प्रश्न आमच्यात कुणी कुणाला सहज विचारत नाही. म्हणजे विचारतात सहज, उत्तर सहज नसतं. मी माप बाकावर ठेवलं आणि सुरू झालो. कापड सुतीच हवं. कृत्रिम धागा असला तर उष्णतेने वितळून नळीला चिकटतो. वीण घट्ट हवी, म्हणजे उशीच्या खोळीचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड सगळ्यात बरं. जाडी अशी की गोळी अंगठ्याने आत जाऊ नये, पण हातोडाही लागू नये. तेल म्हणाल तर कुणी मेण आणि चरबी लावतो, कुणी नुसती थुंकी. घरच्या एका उशीचा अभ्रा मी कसा मोजला, कसा कापला आणि रात्री झोपायच्या वेळी तो प्रकार कसा उघडकीला आला, हेही सांगितलं. आजोबा मान डोलवत होते. इतकं मन लावून माझं बोलणं घरीसुद्धा कुणी ऐकत नाही.

बोलता बोलता मी नळीच्या तोंडावर चिंधी ठेवली, तिच्यावर गोळी, आखूड दांडक्याने एक ठोका, मग लांब गज. गोळी झरझर खाली गेली. माझ्या गजावर एक खूण आहे. दारूवर गोळी नीट बसली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. त्या दिवशी ती अंगठाभर आत गेली. हे मला दिसलं. दिसलं आणि मी मनात म्हटलं, वा, आज ठासणी झकास झाली.

टोपी बसवली, घोडा ओढला, नेम धरला, चाप दाबला. टक्.

आता नियम असा की बार उडाला नाही तरी बंदूक खांद्यावरून काढायची नाही. तोंड निशाण्याकडे ठेवून निदान मिनिटभर उभं राहायचं, कारण कधी कधी दारू सावकाश पेटते आणि बार उशिरा उडतो. त्या एका मिनिटात माणूस फार विचार करतो. रांगेतले बाकीचे बार थांबले होते. इतकी शांतता की मागे कुणीतरी डब्याचं झाकण लावल्याचं ऐकू आलं. मिनिट संपल्यावर आजोबांनी बाकाकडे बोट केलं आणि फार प्रेमाने विचारलं, “या मापात काय आहे हो?”

माप काठोकाठ भरलेलं होतं.

इथून माझ्या खऱ्या हालअपेष्टा सुरू होतात, कारण इथून मदत सुरू होते. बंदूक निकामी झालेला माणूस दिसला की आमचे लोक आपापलं सगळं टाकून धावतात. अर्ध्या मिनिटात माझ्याभोवती सातजण होते आणि त्यांची मतं आठ होती. एकाने कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आणली, जी मागून फुस्स करून गोळी बाहेर ढकलते. दुसरा म्हणाला, तो आळशांचा मार्ग. गजाच्या टोकाला स्क्रू लावा, शिशात पिळा आणि ओढा. तिसरा म्हणाला, ओढाओढीत हात सोलून घेण्यापेक्षा टोपीखालचं निपल, म्हणजे टोपी बसते ती पोकळ खुंटी, काढून तिथून चिमूटभर बारीक दारू आत सोडा आणि गोळी उडवून द्या. आठवं मत बंदूक विकावी असं होतं. ते चकमकवाल्या काकांचं.

चकमकीची बंदूक आणि टोपीची बंदूक असे आमच्यात दोन पंथ आहेत. काकांना असा प्रसंग म्हणजे पर्वणी. “आमच्याकडे काही खोलायलाच लागत नाही,” ते म्हणाले, “रंजकाचं, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूचं, भोक उघडंच असतं, तिथूनच दारू सारायची.” यावर टोपीवाल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं की चकमक एवढी चांगली होती तर त्या पाद्र्याने कशाला खटाटोप केला? म्हणजे अलेक्झांडर फोर्साइथ, स्कॉटलंडमधला. धर्मोपदेशक असूनही शिकारीचा षौकीन. चकमकीची ठिणगी आणि रंजकाचा भपका आधी दिसायचा, बार मग उडायचा, आणि तेवढ्या वेळात पाखरं सटकायची. वैतागून त्याने ठोक्यासरशी पेटणाऱ्या मसाल्याचं यंत्र बनवलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टोप्या पुढे त्यातूनच निघाल्या. काका म्हणाले, पाद्र्याने प्रवचनाकडे लक्ष द्यायला हवं होतं. हा वाद वीस मिनिटं चालला. गोळी आतच होती.

तोवर एकाने माझा गज घेऊन स्वतःच्या फडक्याने पुसायला घेतला होता. पुसता पुसता त्याने मला धीर दिला. त्याने म्हणे एकदा ठासून झाल्यावर गज नळीतून काढलाच नव्हता, तसाच बार काढला. गज भाल्यासारखा गेला आणि निशाण्यात रुतला. “दहाच्या वर्तुळात,” तो म्हणाला. पंचांनी गुण दिले नाहीत, हे त्याचं दुःख अजून ताजं आहे.

मग बहुमताने स्क्रू लावायचं ठरलं. स्क्रू माझ्याच पेटीत निघाला. आमच्याकडे कधी कधी घोंगडीची स्पर्धा होते. प्रत्येकाने एकेक वस्तू आणून घोंगडीवर ठेवायची. पहिला येईल त्याने आधी उचलायची, मग दुसऱ्याने, असं करत शेवटच्यालाही काहीतरी मिळतंच. मी शेवटचा आलो होतो आणि घोंगडीवर हा स्क्रू उरला होता. कुणीच का उचलला नाही, ते आता कळलं. दोघांनी बंदूक धरली, दोघांनी गज, आणि रस्सीखेच झाली. स्क्रू बाहेर आला, सोबत शिशाचा एक कुरळा कीस आला, गोळी आली नाही. सगळ्यांनी किसाचं कौतुक केलं.

अखेर तिसऱ्या मताचा विजय झाला. निपल काढलं, चिमटी चिमटीने बारीक दारू आत सारली, निपल परत बसवलं, गोळी पुन्हा गजाने खाली दाबून घेतली, नवी टोपी. मी एकटा रेषेवर, बाकी सगळे मागे, माना एका बाजूला झुकवून. ‘फप्’ असा आवाज आला, उशी आपटल्यासारखा. गोळी बाहेर पडली आणि थोड्या अंतरावर मातीत जाऊन बसली. टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याही नेमक्या गोळीला कधी इतक्या टाळ्या पडलेल्या नाहीत.

एमएलएआयसी ही ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे. तिच्या स्पर्धांत तीस मिनिटांत तेरा बार काढायचे असतात आणि त्यांतले सर्वांत चांगले दहा धरतात. तीन वाया जाणार, हे जगाने आधीच समजून घेतलंय. दुसऱ्या कुठल्या परीक्षेने मला इतक्या समजूतदारपणे वागवलेलं नाही. आणि अमेरिकेत १९३३ मध्ये या लोकांची जी राष्ट्रीय संघटना निघाली, तिचं मैदान इंडियाना राज्यातल्या ज्या गावात आहे, त्याचं नावच फ्रेंडशिप. नाव आधीपासूनचं होतं, मैदान नंतर आलं. पूर्वी मी याला योगायोग म्हणायचो. आता वाटतं, जागा बघायला गेलेल्या कुणाची तरी गोळी तिथे अडकली असणार.

माझं स्वतःचं निदान वेगळं आहे. आमची माणसं जन्मतः काही इतरांहून गोड नसतात. चकमकवाले काका तर नक्कीच नाहीत. पण या बंदुकीने एकट्याचं भागतच नाही. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात उरतो. त्यातला काही पांढरा धूर होऊन डोळ्यांपुढे लोंबतो, उरलेला काजळी होऊन नळीत बसतो. धुरामुळे आपली गोळी कुठे लागली ते आपल्याला दिसत नाही, शेजारचा दुर्बिणीतून सांगतो. काजळीमुळे पाचव्या-सहाव्या बाराला गज अडतो, तेव्हा जास्तीचं फडकं शेजारच्याकडेच असतं. आणि दोन बारांमध्ये मिनिट-दोन मिनिटं हाताला काम असतं, तोंडाला नसतं. तोंड मोकळं राहिलं की प्रश्न सुचतात.

हो, प्रश्न. टाळ्या थांबल्यावर आजोबांनी गळ्यातली दोरी काढली आणि ती भोक पडलेली गोळी माझ्या गळ्यात घातली. तेव्हा कुठे कळलं की तो ताईत नव्हता. दारू न घालता गोळी ठासणाऱ्याने ती घालायची आणि पुढचा गडी सापडेपर्यंत वागवायची. “मागच्या महिन्यापासून वाहतोय,” आजोबा म्हणाले आणि मान चोळली, जणू दोन मणांचं ओझं उतरलं.

“म्हणजे तुम्ही मला चिंधीचं...”

“चिंधी छानच आहे तुमची,” ते म्हणाले आणि आपल्या बाकाकडे वळले.

उरलेले बार मी मुकाट्याने काढले. गोळी प्रत्येक वाकण्याला छातीवर आपटत होती. मग माझं लक्ष रांगेच्या टोकाकडे गेलं. नवा मुलगा होता, बंदूकही नवी, हालचाली जरा घाबरट. त्याने शिंगातून मापात दारू घेतली, बूच लावलं. मी बंदूक रॅकवर ठेवली, हात पुसले आणि सहज फिरत फिरत त्याच्याकडे गेलो.

“नमस्कार,” मी म्हटलं, “चिंधी कुठली वापरता हो?”

त्याने वर पाहिलं नाही. तळहात उभा करून मला थांबवलं. माप नळीत रिकामं केलं, उलटं करून टिचकी मारली, चिंधी ठेवली, गोळी ठेवली, ठोका दिला, गज खाली नेला, गजावरची खूण वाकून बघितली, गज काढून बाकावर ठेवला. मग माझ्या गळ्याकडे बघत हसला.

“सुती आहे काका,” तो म्हणाला. “घरच्या उशीचा अभ्रा.”