‘चोवीस तास थांबा’ असे कायदा कुठेही सांगत नाही

गणेशोत्सव जवळ आला की एक संदेश पुन्हा फिरू लागतो. यंदा तो मला चार नातेवाइकांकडून आला. गर्दीत मूल दिसेनासे झाले तर पोलीस चोवीस तास तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी आपणच शोधावे. हरवलेले मूल म्हणजे पळवलेलेच मूल, म्हणून संशयित दिसताच त्याला धरावे. मुलांना अनोळखी माणसाशी एक शब्दही न बोलण्याची सवय लावावी. आणि लक्ष देणाऱ्या आईबापांची मुले हरवत नाहीत, असे चार दावे त्यात आहेत. संदेश पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, याविषयी मला शंका नाही. पण चारही दावे चुकीचे आहेत आणि पहिला तर मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

असा प्रतीक्षाकाळ कोणत्याही कायद्यात नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार, बेपत्ता मुलाची तक्रार आली की ती गुन्हा म्हणून नोंदवून, अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे प्रथमतः गृहीत धरून तपास सुरू करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्यामुळे ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तरही टिकत नाही. कायद्यात चोवीस तासांचा उल्लेख आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३२ नुसार, हरवलेले मूल ज्याला सापडेल त्याने, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, जवळचे पोलीस ठाणे किंवा बाल कल्याण समिती यांपैकी कोणाला तरी कळवलेच पाहिजे. ही मुदत मूल ज्याला सापडले त्याने किती उशीर करू नये हे सांगणारी आहे. आईबापांनी किती वेळ थांबावे, हे ती सांगत नाही. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) हे क्रमांक फोनमध्ये असावेतच, पण विसर्जनाच्या गर्दीत फोन लागेलच याचा भरवसा नसतो. तेव्हा एका मोठ्या माणसाने मूल शेवटचे दिसले त्या जागी उभे राहावे आणि दुसऱ्याने लगेच जवळचा पोलीस किंवा मंडळाचा कार्यकर्ता गाठून ध्वनिक्षेपकावरून घोषणा करवून घ्यावी.

दुसऱ्या दाव्याच्या समर्थनार्थ कोणी म्हणेल की न्यायालयानेच अपहरण गृहीत धरायला सांगितले आहे. ते खरे आहे, परंतु ते पोलिसांनी तपास लांबणीवर टाकू नये यासाठी आहे. रस्त्यावरच्या जमावाला त्यातून कोणताही अधिकार मिळत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. अशा अफवांचा आणखी एक परिणाम होतो आणि तो हरवलेल्या मुलालाच भोवतो : रडणाऱ्या मुलाचा हात धरून त्याला चौकीपर्यंत नेण्याची इच्छा असलेला भला माणूस, आपल्यालाच लोक मारतील या भीतीने, पुढे येत नाही.

तिसऱ्या दाव्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर माझ्या हातातून सुटली. तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारले गेले आणि ते तिने ऐकलेही होते. पण अनोळखी माणसाला ओ द्यायची नाही, हे मीच तिच्या मनावर ठसवले होते, म्हणून ती एका मंचाच्या कनातीआड गप्प बसून राहिली आणि शोधणारे कार्यकर्ते तिच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेले. मुलाला शिकवायचे ते नेमके असावे. हरवलास तर चालू नकोस, आहेस तिथेच थांब. पोलीस किंवा लहान मूल कडेवर असलेली एखादी बाई दिसली तर तिला स्वतःचे आणि आईबाबांचे पूर्ण नाव सांग. कोणी दुसरीकडे चल म्हणाले तर जाऊ नकोस. इतके लहान मूल फोन नंबर विसरते, म्हणून तो मनगटावर पेनाने लिहून ठेवणे बरे.

आणि चौथा दावा. सहा-सात वर्षांच्या मुलाची उंची मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर असते. मिरवणुकीत त्याला फक्त पाठी आणि पिशव्या दिसतात आणि ढोलताशांत हाक पोहोचत नाही. हात सुटायला क्षणभर पुरतो, मग आईबाप कितीही सावध असोत. हा दावा मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो लोकांना गप्प बसवतो. त्या संध्याकाळी पोलिसांच्या मदत केंद्रापर्यंत जायला मला जेमतेम दोन मिनिटे लागली असती. ‘लोक काय म्हणतील, कसली आई आहे ही’ या लाजेने मी आधी वीस मिनिटे एकटीच वाळूत फिरत राहिले, आणि तेवढा वेळ माझी मुलगी त्या कनातीआड बसून होती.