गुडघ्याचा बाजारभाव

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे परवा, भर शाळेच्या पटांगणात माझा भाव ठरला. किती ठरला ते अजून कोणी मला धड सांगितलेलं नाही.

शाळेत गुडघेदुखीचं फुकट शिबिर होतं. अकरा वाजले तरी माणूस फिरकेना, म्हणून आमच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हीच बसा आधी. लोकांची भीती जाईल." लोकांची भीती गेली. बाकी काय काय गेलं ते सांगतो.

तपासायला आलेला फिजिओ पंचविशीचा होता. त्यानं दोन बाक जोडून मला उताणं टाकलं, पायजमा मांडीपर्यंत वर करायला लावला आणि पिशवीतून गोनिओमीटर काढला. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब तंगड्या फुटाव्यात, तसली वस्तू. मधली खिळी गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक तंगडी मांडीवरून खुब्याच्या दिशेनं, दुसरी नडगीवरून घोट्याकडे. पाय सरळ होता. त्यानं कागदावर शून्य लिहिलं.

खिडकीला सातवी लटकली होती. तिथून आवाज आला, "सर, सरय रेघ म्हंजे १८० अंश ना? यानं तं शून्य लिवलं!"

मीच शिकवलंय. दवाखान्यात सरळ पायाला शून्य धरतात आणि जितका वाकेल तितके अंश पुढे मोजतात, असं फिजिओनं समजावलं. वर्गाला पटलं नाही. खरं म्हणजे मलाही पटलं नाही. आता सहामाहीत कोणी सरळ कोनाला शून्य लिहिलं तर मार्क कापायला मला तोंड उरलेलं नाही.

धडधाकट माणसाचा गुडघा १३५-१४० अंशांपर्यंत वाकतो. माझा उजवा १३० ला थांबला. डावा १०५ ला, तोही कट्ट करून.

"बोलला!" मागून कोणीतरी म्हणालं. "गुडघा बोलला!"

वळून पाहिलं तर आबाजी. आबाजी म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले बैलांचे दलाल. पोळ्याआधीचा शेवटचा बाजार उलगडला होता, हाताला काम नव्हतं, आणि चाळीस वर्षं रोज पाय पाहणाऱ्या माणसाला समोर एक पाय दिसला.

"दुखत नसेल तर नुसत्या आवाजाचं काही नाही," फिजिओ म्हणाला. "सांध्यातल्या वंगणात हवेचे बुडबुडे होतात, त्याचा आवाज."

"दुखते का मास्तर?"

"दुखतो."

"मंग?" आबाजींनी फिजिओकडे असं पाहिलं, जसं खोट काढल्यावर विकणाऱ्याकडे पाहतात.

फिजिओ सज्जन होता. तो समजावू लागला, की गुडघा म्हणजे दाराचा कब्जा नव्हे. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर लोळतं आणि घसरतंही. पाय पूर्ण सरळ करताना शेवटी नडगी जराशी बाहेर वळते आणि सांध्याला जणू कुलूप बसतं, म्हणून माणूस फार जोर न लावता उभा राहू शकतो. ते कुलूप उघडणारा एक छोटा स्नायू गुडघ्याच्या मागं असतो.

"याची किल्ली हरपली," आबाजी म्हणाले. पटांगण हसलं. पटांगणात आता पन्नास माणसं होती. सकाळी गुडघा कोणाचाच दुखत नव्हता!

मग फिजिओ म्हणाला, वऱ्हांड्यात चालून दाखवा. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक फेरी. त्यातला साठ टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, चाळीस टक्के हवेत. तो कडेला उभा राहून मोबाइलवर माझं चालणं टिपू लागला.

"थांब रे बाबू. असं कडेनं नाई पाह्यत. मांगून पाह्य." आबाजींनी पोरांना हुकूम सोडला, "पानी टाका रे मातीवर. वल्यात पाऊल उठते."

बादली आली. सातवीनं आयुष्यात एवढ्या तत्परतेनं माझं एक काम केलेलं नाही. मला अनवाणी करून ओल्या मातीत चालवलं गेलं. जा, आणि वळून या. आबाजी उकिडवे बसून (वय पंच्याहत्तर, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, हे मी मुद्दाम नमूद करतो) माझी पावलं पाहू लागले.

"बैलाचा मांगचा पाय पुढच्याच्या खुनेवर पडला पायजे. बीतभर मांगं राह्यला का समजाचं, सांधा गेला."

"आबाजी, मला दोनच पाय आहेत."

"तोच तं वांधा हाये. चार असते तं लवकर कयलं असतं."

आणि मग त्यांनी ते म्हटलं. "तोंड उघडा."

आता मी काय सांगू? मी उघडलं. बावीस वर्षं ज्या पटांगणात 'सावधान-विश्राम' केलं, तिथं मी आ वासून उभा. त्या आवाजात काहीतरी होतं. हजारो बैलांनी जे ऐकलं, ते मी का ऐकू नये? बैलाचे दात दोन दाती, चार दाती, सहा दाती असे मोजत जातात आणि आठ पूर्ण झाले की बैल 'जुळला'. त्यानंतर वय नेमकं सांगता येत नाही, नुसता भाव उतरतो. आबाजींनी आत डोकावलं आणि म्हणाले, "जुयला."

हे सगळं मी चेष्टेवारी नेलं असतं. पण पुढे त्यांनी बोट दाखवलं. "डाव्याचा अंगठा घासते पाहा. कंबर उचलून पाय टाकते हा." फिजिओनं मोबाइलमधलं चित्रण हळू करून पाहिलं आणि मान डोलावली. पाय हवेतून पुढे येताना गुडघा साधारण साठ अंश वाकावा लागतो, नाहीतर अंगठा जमिनीला घासतो. माझा डावा चालताना तेवढा वाकतच नव्हता, कंबर त्याचं ओझं उचलत होती. "आबाजी बरोबर सांगताहेत," तो म्हणाला. शास्त्र आणि बैलबाजार यांचं असं एकमत व्हायला माझाच पाय सापडावा.

त्या रात्री चिडून मी मोबाइलवर बरंच वाचलं. १८९१ साली जर्मनीत लाइप्झिगला ब्राउने आणि फिशर नावाच्या दोन पंडितांनी एका सैनिकाच्या हातापायांना विजेच्या नळ्या बांधल्या आणि त्याला रात्रीच्या काळोखात चालवलं. नळ्या लुकलुकायच्या, फोटोत तेवढ्या रेघा उठायच्या, त्यावरून सांध्यांचा हिशेब. नुसतं त्याला सजवायलाच कित्येक तास लागत. झूल, बेगड, बाशिंग, सगळं असणार. फक्त पोळा नव्हता. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं रांगेनं कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे पाय टिपले होते. म्हणजे तिकडेही आधी जनावर आणि मग माणूस. आता सांध्यांवर चमकते गोळे चिकटवतात, भोवती कॅमेरे असतात आणि संगणकात काड्यांचा माणूस चालतो. त्याला तोंड उघडायला कोणी सांगत नाही.

पण माझा खरा राग आबाजींवर नाही. जाताना फिजिओ म्हणाला, "सर, १०५ म्हणजे रोजच्या कामाला पुरेसं आहे. खुर्चीतून उठायला, जिना चढायला एवढं लागतं."

कोणाच्या रोजच्या? आमच्या गावात जिना दोन घरांना आहे. उकिडवं बसायला १०५ पुरत नाहीत, त्याच्या बरंच पुढं जावं लागतं. संडासात, चुलीपुढं, पंगतीत, सगळीकडे जमीनच. गेल्या लग्नात पंगतीत माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. सगळं गाव खाली, आणि मी वर, मांडीवर पत्रावळ घेऊन, एखाद्या वाईट राजासारखा. वाढणारा पोरगा वर पाहून विचारतो, "सर, तुमाले भात फेकून देऊ का?"

१९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बसवायचा पाय केला, तो याचसाठी. परदेशी नमुन्याच्या पायानं उकिडवं बसता येईना, अनवाणी शेतात जाता येईना. त्यांनी आधी पाहिलं, की माणूस दिवसभर बसतो कसा. तेवढं तर पाहायला हवं ना?

आणि ज्यांचे गुडघे पाहायला हवे होते, त्या बायका शिबिराला आल्याच नाहीत. सोयाबीनच्या निंदणाला गेल्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकिडव्या, तशाच सरकत सरकत पिकाची एकेक ओळ संपवतात. आल्या असत्या तर रोजी बुडली असती. कोनमापक पिशवीत गेला तेव्हा त्या अजून धुऱ्यापलीकडे होत्या.

भावाचं राहिलं. पटांगणातून निघताना आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या साळ्याचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबली. बाजारात भाव असाच होतो, दुपट्ट्याखाली, तिसऱ्याला दिसू न देता. साळ्यानं मान हलवली. आबाजींनी पुन्हा दाबली. साळा हसला, हात सोडला.

संध्याकाळी खांदशेकणी. साळ्यानं गरम तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकले. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात ना. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणून आमंत्रण दिलं. मी ओट्यावर कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी हातात धरून बसलो होतो.

"भाव किती सांगितला आबाजींनी?" मी बायकोला विचारलं. भावानं तिला नक्की सांगितलं होतं.

"इकाचंच नाई तं भाव कायले इचारता?"

"तरी?"

तिनं चार बोटं वर केली.

"शेकडा का हजार?"

पण ती बैलांना पाणी दाखवायला निघून गेली होती.