इंडिया गेटवर नावे कोणाची आहेत?

प्रजासत्ताक दिन, ३० जानेवारीचा हुतात्मा दिन किंवा स्वातंत्र्यदिन जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली असून त्यांत ६१,३९५ मुसलमान, ८,०५० शीख, १४,४८० मागासवर्गीय, १०,७७७ दलित आणि ५९८ सवर्ण आहेत, संघाचा मात्र एकही नाही, असे त्यात सांगितलेले असते. आकड्यांची बेरीज मी करून पाहिली; ती अचूक जुळते. जुळणाऱ्या बेरजेमुळे मजकुरावर विश्वास बसतो हे समजण्यासारखे आहे, परंतु वाण्याच्या खोट्या वहीतली बेरीजही बरोबरच असते. म्हणून संदेशातील विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले विधान असे, की ही नावे स्वातंत्र्यसैनिकांची आहेत. इंडिया गेटचे मूळ नाव अखिल भारतीय युद्धस्मारक. त्याची कोनशिला १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते बसवली गेली, आराखडा एडविन लट्यन्स यांचा होता आणि उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. या शेवटच्या तारखेकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. त्याच्याही एक महिना आधी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू यांचा बळी गेला होता. आणि उद्घाटनानंतर सहाव्या आठवड्यात, २३ मार्च रोजी, लाहोरला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर चढले. ज्या सरकारने ही फाशीची तख्ते उभारली, त्याच सरकारने त्याच हिवाळ्यात आपल्या नव्या राजधानीच्या मुख्य रस्त्यावर स्वातंत्र्यसैनिकांची नावे सन्मानाने कोरून घेतली, असे हा संदेश आपल्याला मानायला सांगतो.

प्रत्यक्षात तेथे कोणाचे स्मरण केले आहे, हे कमानीवरील लेखच सांगतो. फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली आणि अन्यत्र पडलेल्या हिंदी सैन्यातील मृतांना त्यात एकत्रित वंदन आहे. नावे मात्र हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांचीच आहेत. ही सारी माणसे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत असताना मेली आणि त्यांच्यात काही ब्रिटिश अधिकारी व सैनिकही आहेत. एवढ्यामुळे त्यांच्या मरणाची किंमत कमी होत नाही, पण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणता येत नाही. मराठीत तरी हा गोंधळ होऊ नये. ध्येयासाठी स्वतःची आहुती देणाऱ्याला आपण हुतात्मा म्हणतो आणि रणात पडलेला शिपाई धारातीर्थी पडला असे म्हणतो. दोन्ही शब्द आदराचेच आहेत, अर्थ मात्र वेगळे आहेत.

दुसरे विधान संख्येचे. इंडिया गेटवरील नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याचे सुमारे ७४ हजार लोक मेले असे मानले जाते. म्हणजे संदेशातील आकडा त्या युद्धातील एकूण हिंदी मृतांपेक्षाही मोठा आहे. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांची नावे ज्यांना खरोखर हवी आहेत, त्यांच्यासाठी १८५७ ते १९४७ या काळाचा पाच खंडांचा कोश केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रकाशित केलेला आहे.

जातिधर्माच्या वर्गवारीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कमानीवरील नावांपुढे धर्म किंवा जात कोरलेली नाही. ‘मागासवर्गीय’, ‘दलित’ आणि ‘सवर्ण’ हे आजचे रकाने आहेत. त्या काळच्या लष्कराची वर्गवारी वेगळी होती आणि ती काही कमी विषारी नव्हती, कारण लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा भेद करूनच भरती चाले. १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण युद्ध संपल्यावर चार वर्षांच्या आत मोडण्यात आली, ती याच धोरणामुळे. आणि संघाचे नाव यादीत शोधणे किंवा न सापडल्याचा आनंद मानणे, दोन्ही सारखेच निरर्थक आहे. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीला झाली. कमानीवरील माणसे त्याच्या कितीतरी आधी मेलेली आहेत.

‘आकडे चुकले असतील, पण मुसलमानांचे योगदान लोकांसमोर येते ना?’ हा बचाव मी सुशिक्षित माणसांकडून ऐकला आहे, आणि तोच मला अधिक अस्वस्थ करतो. कुर्बान हुसेन यांचे नाव सोलापुरात इतर तिघांच्या बरोबरीने घेतले जाते. अश्फाकउल्ला खान १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादला फासावर गेले. सैनिकच हवे असतील तर हिंदी सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस १९१४ च्या बेल्जियममधील लढाईसाठी खुदादाद खान यांचा आहे. इतकी खरी नावे हाताशी असताना ६१,३९५ खोट्या नावांचा आधार घ्यावा लागणे, हा त्या खऱ्या माणसांचा अपमान आहे. खोटेपणा उघड झाला की ऐकणारा खऱ्यावरही अविश्वास दाखवतो, आणि द्वेष पसरवणाऱ्यांना तेवढेच हवे असते.

याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत, १९७१ च्या युद्धानंतर तेथे प्रज्वलित झालेली अमर जवान ज्योत याच स्वातंत्र्यसैनिकांसाठी होती, असेही जोडलेले दिसते. ती ज्योत, उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावरचे शिरस्त्राण यांचे उद्घाटन २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधी यांनी केले, आणि ते १९७१ मधील सैनिकांच्या स्मरणार्थ होते. २१ जानेवारी २०२२ रोजी ती शेजारच्या राष्ट्रीय समर स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. तो निर्णय अनेकांना खटकला आणि त्यावर वाद घालायला जागा आहे. परंतु स्वतंत्र भारतासाठी पडलेल्या सैनिकांची नावे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या त्या समर स्मारकात आहेत, इंडिया गेटवर नाहीत, याबद्दल वाद नाही.

इंडिया गेटवर काय नाही, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्याचा मुख्य भाग म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातील मृतांचे स्मारक बसऱ्याला आहे, आणि तेथेही हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावे कोरली गेली, साध्या शिपायांचा फक्त आकडा. अशा असमान वागणुकीची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये दिली. सातारा आणि कोकणातल्या गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर आजही संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या पाट्यांवरही बहुधा आकडाच असतो. नावे आयोगाच्या नोंदींत शोधता येतात, आणि पुष्कळ शिपायांच्या नोंदीत पलटण व मृत्यूची तारीख यांबरोबर बापाचे नाव, गाव आणि तालुकाही लिहिलेला आहे.