तारीख सरकली का?

दर महिन्याला तेच. व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डच्या (अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याच्या) रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक, आलं की अमेरिकेतले आम्ही सगळे एच-1बी वाले (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचे) हातातलं काम टाकून एकच रकाना बघतो: ईबी-2 (उच्चशिक्षित नोकरदारांची रांग), इंडिया. सरकली पंधरा दिवस तर सण, नाहीतर जैसे थे. कधी कधी तर तारीखबाई उलट्या पावली मागे जातात! 2025 मध्ये नंबर चालू होता 2013 च्या अर्जांचा. वर्षाला नोकरीवाल्यांची साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं, बायकामुलं त्यातच धरायची, आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. घ्या!

वर फुकटचे सल्ले. "पटत नाही तर नोकरी बदल ना." अहो, बदलली की नव्या कंपनीने पर्मपासून (या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही, हे सरकारकडून मान्य करून घेण्यापासून) सगळं परत करायचं. आणि नोकरी गेलीच तर फार तर 60 दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. मॅनेजरला हे पक्कं ठाऊक असतं. शुक्रवारी संध्याकाळचं डिप्लॉयमेंट (नवं सॉफ्टवेअर चालू करायचं काम) कुणाच्या गळ्यात पडतं, विचारूच नका.

सुट्टीला गावी यावं, तर निम्मी सुट्टी मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतल्या स्टॅम्पिंगच्या (पासपोर्टवर व्हिसा मिळवायच्या) धास्तीत. उरलेल्या निम्म्यात लग्नाच्या पंगतीत काका: "अजून नाही झालं तुझं? आमच्या सुनेच्या भावाचं तर कधीच झालं."

काका, तो जन्मला मस्कतला. ही रांग जन्माच्या देशावरून लागते. मी जन्मलो साताऱ्यात, आता त्याला काय करू?