अपोलो बंदरच्या ‘त्या’ छायाचित्राविषयी खुलासा

‘१९११ साली पंचम जॉर्ज याच गेटवे ऑफ इंडियातून मुंबईत उतरले’ अशा मजकुरासह चार मनोऱ्यांच्या पूर्ण कमानीचे जे जुने छायाचित्र फिरत आहे, ते त्या वर्षाचे असणे शक्य नाही. बादशहा त्या डिसेंबरात अपोलो बंदरावर, म्हणजे ही कमान आज जिथे आहे तिथे, उतरले हे खरे. मात्र कमानीचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमानीचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. मागे दिसणारा ताजमहाल हॉटेलाचा घुमटही पुरावा ठरत नाही, कारण १९०३ मध्ये सुरू झालेले ते हॉटेल कमानीपेक्षा जुने आहे. परिसरात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसत नाही, त्यावरून फार तर छायाचित्र १९६१ पूर्वीचे म्हणता येईल.