गालिच्याची आंघोळ

जळगावात प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. ती चटई ओल्या फडक्यानं पुसली, झटकली, गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, की विषय संपला. तरी तुमच्या साहेबांनी ऑफिसात कार्पेट टाइल्स, म्हणजे गालिच्याचे चौकोनी तुकडे, बसवल्या, कारण पुण्याच्या हेड ऑफिसात तशाच आहेत. छान झालं. आता त्या स्वच्छ ठेवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, म्हणून हे चार अनुभवाचे बोल. आम्ही या वाटेनं जाऊन आलोय, पार टाइल्स उखडेपर्यंत.

सुरुवात दारापासून करा. पायपुसणं घ्यायचंच असेल तर 'सुस्वागतम' लिहिलेलं, वीतभर घ्या. माणूस त्यावरून एका ढांगेत पलीकडे गेला पाहिजे. खरं तर दारापासून आत पाच-सहा पावलं चालताना बूट घासले जातील एवढी लांब, खरबरीत मॅट टाकली तर निम्मी कटकट तिथंच संपते. पण मग आपल्याला काम काय उरलं? आषाढात रावेर-यावलकडून गिऱ्हाईक येतं, त्याच्या चपलेला मणभर काळी माती असते. ती माती आतपर्यंत पोचली पाहिजे, आदरातिथ्य आहे ते.

माती आत आली की लगेच ओल्या पोछ्यानं चोळा. इथं जरा थांबतो, कारण ही गोष्ट आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळते. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, म्हणून ओल्या रानात कोणी औत घालत नाही. वाफसा यायची वाट बघतात. कार्पेटचंही तेच आहे. चिखल वाळू द्यायचा, मग व्हॅक्युमनं ओढून घ्यायचा. पण शेतात वाफसा ओळखणारा माणूस ऑफिसात आला की त्याच्या हातात आपोआप बादली येते. त्याला बिचारा तरी काय करणार? लहानपणापासून सडा-सारवण बघितलंय, पाणी पडल्याशिवाय झाडलंय असं वाटतच नाही.

रोज व्हॅक्युम तर करूच नका. कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडी माती-कचच असते आणि ती नुसत्या ओढण्यानं निघते, असं जाणकार सांगतात. ती राहिली तर धाग्यांच्या मुळाशी बसते आणि वरून पाय पडला की कानशीसारखी धागे घासते. काउंटरसमोर करडा पट्टा दिसतो ना, त्यात निम्मी घाण असते आणि निम्मे घासलेले धागे. ते धागे कुठल्याही साबणानं परत येत नाहीत. तुम्ही मात्र फडा वापरा. धूळ उठते, कॉम्प्युटरवर बसते, थोडी आपल्या छातीत जाते. सगळ्यांना सारखा वाटा.

मशीन निवडताना एकच प्रश्न विचारा, 'हॉर्सपॉवर किती?' दुकानदार गाड्या धुवायचा जेट पंप दाखवील आणि म्हणेल, "भाऊ, याच्यानं ट्रॅक्टरबी धुता येतो." घेऊन टाका. फिरता ब्रश आणि चांगला फिल्टर असलेला उभा व्हॅक्युम घेऊ नका, तो दिसायला गरीब असतो. एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन लाटण्यासारख्या ब्रशांचं मशीनही टाळा. त्याच्यासोबत एक द्रावण येतं, ते अगदी थोडं फवारायचं, ब्रश फिरवायचा, वाळू द्यायचं. घाण त्यात बांधली जाते, तिचे ठिसूळ कण होतात आणि पुढच्या व्हॅक्युमला निघून येतात. फेस नाही, नाली काळी होत नाही, साहेबांना दाखवायला काही नाही! आणि खोल सफाईचं गरम पाण्याचं मशीन कधी भाड्यानं आणलंच, तर ते पाणी किती मारतं तेवढंच बघा. मारलेलं किती परत ओढतं, हे विचारणारा माणूस उगाच शहाणा वाटतो.

आम्ही रविवार निवडला. पाइप लावला, वॉशिंग पावडर शिंपडली, मावशींनी खराट्यानं घासलं. काय फेस आला म्हणता! पन्नास सेंटिमीटरची चौकोनी टाइल, तिच्या चारी बाजूंना सांधे, पाणी सरळ खाली उतरलं. खालचा गोंद सुटला. मग वाळवायला आम्ही कुलर लावला, टाकी भरून. खान्देशात उन्हाळ्याला कुलर हे एकच उत्तर आहे, पण दिवस आषाढाचे होते आणि कुलर वाऱ्याबरोबर पाणीही देतो, हे आमच्या बुधवारी लक्षात आलं. तेही डोळ्यांनी नाही, नाकानं. आमचे नाना शिपाई दारातच थबकले. "हाई काय शे भाऊ? मेलं का काई?"

गेलेले डागही एकेक करून परत आले. वरचं पाणी वाळत जातं तसं खालचं पाणी धाग्यांतून वर चढतं आणि येताना घाण घेऊन येतं. साबण नीट निघाला नव्हता, त्याचा चिकटा राहिला. आठ दिवसांत टाइल्स धुण्याआधीपेक्षा काळ्या झाल्या.

आता वरण-बट्टीचं. ऑफिसात कोणाची बढती झाली की वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी होणारच, आणि पंगत कार्पेटवरच बसणार. आमच्याकडे वरणाचं पातेलंच कलंडलं. अशा वेळी चमच्यानं खरवडून घ्यायचं, कोरडं पांढरं कापड दाबायचं, डागाच्या कडेकडून आत यायचं, चोळायचं नाही. आम्ही वॉशिंग पावडर चोळली. पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. हळदीला क्षार लागला की असंच होतं, कुंकू तसंच तर करतात. टाइलवर हळदीकुंकू झालं, वाण तेवढं लुटायचं राहिलं.

खरं म्हणजे कार्पेट टाइलचा मोठा गुण हाच, की एक खराब झाली तर तेवढीच उचलायची आणि जादाची बसवायची. कपाटामागची कोरी काउंटरपुढे आणायची, तिथली मागे न्यायची, असंही करता येतं. कंत्राटदारानं त्यासाठीच बारा टाइल्स जादा ठेवल्या होत्या. एक नानांच्या खुर्चीवर आहे, दोन आमच्या साहेबांच्या डिकीत, एकीवर गणपती बसतो, एक अकाउंटंटच्या मोत्याला अंथरली. बाकीच्यांचा शोध चालू आहे. बाजारातून नव्या आणाल तर त्याच कंपनीच्या, त्याच नंबरच्या आणा. रंगाचा घाणा बदललेला असतो, त्यामुळे जुन्यांच्या मधोमध त्या ठिगळासारख्या उठून दिसतात.

हळद उन्हानं उडते हे मावशींना माहीत होतं, साडीवरची जाते तशी. म्हणून लाल झालेल्या टाइल्स त्यांनी आधी साध्या पाण्यानं पुसून पिवळ्या केल्या, गच्चीवर ठेवल्या, आणि त्यांचा डाग खरंच फिका झाला. हे बघून साहेबांनी पुढच्या मे महिन्यात सगळ्याच टाइल्स वर चढवल्या. मे महिन्यातली जळगावची गच्ची, त्यात टाइलच्या पाठीला डांबराचा थर! शेजारणीच्या कुरडया आणि आमच्या टाइल्स एकाच दुपारी वाळल्या. कुरडया तेवढ्या सपाट राहिल्या.

टाइल्स निघाल्यावर खाली जुनी कोटा फरशी दिसली. नानांनी एक बादली पाणी ओतलं, पोछा फिरवला, दहा मिनिटांत लख्ख! म्हणाले, "साहेब, हाई तं चांगली शे ना!"

साहेबांनी ऐकलं नाही. ते नव्या टाइल्सचं कोटेशन बघत होते. रंग ठरलाय, मोतिया.