न्हावा शेवाचे टर्मिनल स्पॅम मेलने बंद पडले नव्हते

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘2017 मध्ये एका स्पॅम मेलने न्हावा शेवाचे टर्मिनल बंद पाडले. चांगला स्पॅम फिल्टर बसवा आणि निर्धास्त राहा.’ यातली माहिती चुकीची आहे आणि सल्ला त्याहून घातक.

न्हावा शेवा बंदरातले (तेव्हाचे जेएनपीटी) गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाशी जोडलेले. 27 जून 2017 ला मर्स्कच्या नेटवर्कवर नॉटपेट्या हा फाइली कुलूपबंद करणारा घातक प्रोग्राम आदळला आणि इथले कामही ठप्प झाले. त्याचे मूळ युक्रेनमध्ये होते. तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी तो घुसवला होता. मेल नाही, अटॅचमेंट नाही. मग फिल्टर अडवणार काय?

पुढचा प्रसार आतल्या आत झाला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच (दुरुस्तीचा अपडेट) दिला होता, ती त्याने वापरलीच. शिवाय एका संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलून तो पॅच केलेल्या संगणकांवरही गेला. ‘आमचे सगळे अपडेट आहे’ म्हणणारेही त्यामुळे सुटले नाहीत.

पडद्यावर 300 डॉलरची खंडणी मागितली जायची, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच नव्हती.

फिल्टर काढू नका. खोट्या बिलांच्या मेलसाठी तो हवाच. मात्र हिशेबाचा संगणक बाकी नेटवर्कपासून वेगळा ठेवा, रोजच्या कामाला ॲडमिन खाते वापरू नका आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर असू द्या.